'हार्ड' म्हणजे नुसते कठीण नव्हे

आज तुमच्यापुढे एकच इंग्रजी शब्द ठेवायचा आहे. शब्द अगदी लहान आहे, बोलायला सोपा आहे, आणि त्याचा अर्थ मात्र 'कठीण' असा आहे. तो शब्द म्हणजे 'हार्ड'.

तुम्ही म्हणाल, यात नवे काय? हा शब्द तर आमच्या गावात केव्हाच येऊन राहिला आहे. खरे आहे. तालुक्याच्या गावी खिळे, बिजागऱ्या, नटबोल्ट, कडी-कोयंडे जिथे मिळतात ते दुकान 'हार्डवेअर'चे. गावच्या मैदानावर पोरगा नव्वदीत बाद झाला की सोबती त्याच्या पाठीवर थाप मारून 'हार्ड लक' म्हणतात. ग्रामपंचायतीच्या कचेरीत 'हार्ड कॉपी आणून द्या' असे सांगतात. आणि शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात जी शिसपेन्सिल असते, तिच्यावर 'एचबी' अशी दोन अक्षरे कोरलेली असतात. त्यातला 'एच' म्हणजे हार्डच, बरं का! 'बी' म्हणजे ब्लॅक, काळी. पेन्सिलीतले शिसे खरे म्हणजे शिसे नसतेच, ते ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण असते. १७९५ साली काँते नावाच्या फ्रेंच गृहस्थाने ही कृती काढली. माती जास्त घातली तर कांडी टणक होते आणि रेघ फिकट उमटते. ती 'एच'ची पेन्सिल. ग्रॅफाइट जास्त असले तर कांडी मऊ आणि रेघ काळीभोर. ती 'बी'ची. 'एचबी' या दोहोंच्या मधली.

तेव्हा शब्द ओळखीचा आहे यात शंका नाही. पण एखादा माणूस रोज रस्त्यात दिसतो, रामराम होतो, म्हणून त्याचा स्वभाव आपल्याला कळला असे होत नाही. शब्दाचेही तसेच आहे. आपल्या शाळांतून मुले वहीच्या डाव्या बाजूला 'हार्ड' लिहितात, उजव्या बाजूला 'कठीण' लिहितात, मध्ये एक आडवी रेघ मारतात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात. मग धड्यात 'हार्ड वॉटर' आले की भाषांतर होते 'कठीण पाणी'. पाणी कठीण कसे असेल, हा प्रश्न मुलाला पडत नाही, कारण इंग्रजीत काहीही असू शकते अशी त्याची समजूत करून दिलेली असते. ही समजूत घालवायला हवी. इंग्रजी भाषाही आपल्यासारख्या माणसांनीच बोलून बोलून घडवलेली आहे. तिच्यातही कारण असते, रीत असते. ती रीत आज आपण या एका शब्दावरून पाहू.

प्रथम मूळ अर्थ. दाबले तर दबत नाही, टोचले तर टोचत नाही, ते हार्ड. दगड हार्ड, लोखंड हार्ड, सुपारी हार्ड. उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन, जिच्यात नांगराचा फाळ रुतत नाही, तीही हार्ड. मराठीत याला आपण टणक म्हणतो, कठीण म्हणतो, घट्ट म्हणतो. हा हाताला कळणारा अर्थ आहे. १८१२ साली मोस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने खनिजांच्या टणकपणाची एक मोजपट्टीच केली. सर्वांत मऊ तो शंखजिऱ्याचा दगड, त्याला एक क्रमांक, आणि सर्वांत टणक तो हिरा, त्याला दहा. जो दगड दुसऱ्यावर ओरखडा काढतो तो अधिक हार्ड, असा हिशेब.

आता पाहा, हाताला जो दगड दबत नाही, तसेच बुद्धीला जे गणित दबत नाही तेही हार्डच. 'अ हार्ड सम' म्हणजे अवघड गणित. आपणही 'कठीण' हा शब्द दगडालाही लावतो आणि पेपरालाही लावतो, नाही का? नारळाची करवंटी कठीण आणि परीक्षाही कठीण. इथपर्यंत मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात. पुढे वाटा फुटतात.

ज्या माणसाचे मन दबत नाही, त्याला दया येत नाही, तो 'अ हार्ड मॅन'. इथे कठीण माणूस म्हणून चालणार नाही. कठोर म्हणा, निष्ठुर म्हणा. जो काळ दबवून टाकतो तो 'हार्ड टाइम्स'. याच नावाची डिकन्सची कादंबरी आहे, १८५४ सालची, इंग्लंडातल्या गिरणगावातल्या लोकांच्या हालांची. तिथे हार्ड म्हणजे हलाखीचे, खडतर. पाऊस जोराने कोसळत असेल तर 'इट इज रेनिंग हार्ड'. इथे हार्ड म्हणजे जोराने. आणि घाम गाळून मिळवलेला पैसा तो 'हार्ड-अर्न्ड मनी', म्हणजे आपली कष्टाची कमाई.

एकच शब्द, पण मराठीत त्याला किती शब्द लागले! टणक, अवघड, निष्ठुर, खडतर, जोराने, कष्टाचे. मग यातला कोणता केव्हा घ्यायचा, हे ओळखायचे कसे? त्याची एक सोपी खूण आहे. शब्दाला एकट्याला विचारू नका, त्याच्या सोबत्याला विचारा. हार्ड कोणाबरोबर चालला आहे ते पाहा. दगडाबरोबर असेल तर टणक, गणिताबरोबर असेल तर अवघड, सावकाराबरोबर असेल तर निष्ठुर.

दुसरी खूण त्याहून पक्की. त्याचा विरुद्धार्थी शब्द शोधा. दगड हार्ड नसेल तर 'सॉफ्ट' असेल. गणित हार्ड नसेल तर 'सॉफ्ट' म्हणता येत नाही, 'ईझी' म्हणावे लागते. सावकार हार्ड नसेल तर तो 'काइंड' असेल, दयाळू. विरुद्ध शब्द बदलला की समजावे, अर्थ बदलला. गुरुजींनी आणि बाईंनी ही युक्ती वर्गात जरूर करून पाहावी. फळ्यावर मधोमध 'हार्ड' लिहा, भोवती त्याचे सोबती लिहा आणि मुलांना नुसते विरुद्ध शब्द विचारा. अर्थ मुलेच सांगतील.

आता ते मघाचे पाणी. 'हार्ड वॉटर' म्हणजे काय? हा प्रश्न इंग्रजीच्या तासापेक्षा आपल्या आयाबहिणींना जास्त ठाऊक आहे. विहिरीच्या किंवा बोअरच्या काही पाण्यात साबण कितीही घासला तरी फेस येत नाही, नुसता चिकट साका कपड्यावर बसतो. डाळ चुलीवर तासभर ठेवली तरी दाणा दाणाच राहतो. पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरी पापडी धरते. हे ते हार्ड वॉटर. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात, ते साबणाशी संयोग पावतात आणि त्याचा साका करतात. साबण त्यात खर्ची पडतो, फेसाला उरत नाही. म्हणून आपल्या शास्त्राच्या पुस्तकांत या पाण्याला फार नेमका शब्द केला आहे, दुष्फेन पाणी. ज्याला मुश्किलीने फेस येतो ते दुष्फेन, ज्याला सहज येतो ते सुफेन. इंग्रजीत ते सॉफ्ट वॉटर.

बायका या पाण्याला 'जड पाणी' म्हणतात. बोलण्यात ते ठीक आहे. पण शास्त्राच्या पुस्तकात 'जड पाणी' हा वेगळाच पदार्थ आहे, इंग्रजीत 'हेवी वॉटर'. ते अणुभट्टीत वापरतात, आपल्या तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत ते असते. तेव्हा विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत हार्ड वॉटरला जड पाणी लिहिले, तर विहिरीचे पाणी एकदम अणुभट्टीत जाऊन पडते.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक उपयोगाची गोष्ट सांगून ठेवतो. पाणी तपासायला दिले की त्याचा जो कागद परत येतो, त्यावर 'टोटल हार्डनेस' असा एक रकाना असतो. हार्डनेस म्हणजे हार्डपणा. त्यापुढे आकडा असतो, दर लिटरला इतके मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात हा आकडा २०० पर्यंत असावा, आणि दुसरे पाणी मिळण्यासारखे नसेलच तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असे ठरलेले आहे. ज्याला 'हार्डनेस'चा अर्थ 'कठीणपणा' एवढाच पाठ आहे, तो हा रकाना वाचून कागद घडी घालून ठेवील. ज्याला अर्थ कळला आहे, तो आकडा पाहील. काही दुष्फेन पाणी नुसते उकळले तरी सुफेन होते, त्याला तात्पुरते दुष्फेन म्हणतात. काही उकळूनही बदलत नाही. कपडे धुण्यासाठी त्यात धुण्याचा सोडा घालावा लागतो.

पाण्यावरून शेतीकडे वळू. इंग्रजीत 'हार्ड व्हीट' म्हणून गव्हाची जात सांगतात. हा अवघड गहू नव्हे, टणक दाण्याचा गहू. आपल्याकडे बन्सी गहू आहे ना, ज्याचा रवा छान पडतो आणि शेवया मोडत नाहीत? तो ज्या जातीचा, तिला 'ड्युरम' म्हणतात, आणि 'ड्युरम' या लॅटिन शब्दाचा अर्थ पुन्हा 'टणक' असाच आहे. आता 'हार्डवूड' घ्या. इथे मात्र सावध राहायला हवे. साग, शिसव, बाभूळ ही हार्डवूड खरीच, आणि ती टणकही आहेत. पण आपली काटेसावर, जिचे लाकूड इतके मऊ की आगकाड्यांना वापरतात, तीही इंग्रजीच्या हिशेबाने हार्डवूडच! कारण त्या धंद्यात रुंद पानांच्या झाडांचे लाकूड ते हार्डवूड, आणि देवदार, चीड अशा सूचिपर्णी झाडांचे ते सॉफ्टवूड, अशी विभागणी रूढ झाली. लाकूड हाताला कसे लागते, हा प्रश्न त्यात नाही. म्हणजे दोन शब्द एकत्र जुळून एक नाव झाले की ते नाव आपल्या वाटेने जाते. 'हार्ड कॉपी'चे तसेच. कागद तर मऊ असतो, पण संगणकाच्या पडद्यावरचे अक्षर हातात धरता येत नाही आणि कागद धरता येतो, म्हणून तो हार्ड. आणि कॉपी म्हणजे प्रत. परीक्षेतली कॉपी वेगळी, ती हार्डही नको आणि सॉफ्टही नको.

पाण्यासारखेच पेयांचे. थंड पेयाच्या बाटलीला 'सॉफ्ट ड्रिंक' म्हणतात. ते मऊ असते म्हणून नव्हे. ज्यात दारू नाही ते सॉफ्ट, आणि कडक दारू ती 'हार्ड'.

आता उलट बाजूने पाहू. मराठीतला 'कडक' हा शब्द घ्या. फार जोमदार शब्द आहे हा. मुलाला वाटते, कडक म्हणजे हार्ड. मग तो लिहितो 'हार्ड टी'. पण इंग्रज माणूस कडक चहाला 'स्ट्राँग टी' म्हणतो. कडक शिस्तीचे हेडमास्तर 'स्ट्रिक्ट' असतात. शिक्षकाला 'हार्ड' म्हटले तर तो निर्दय ठरेल, आणि शिस्त आणि निर्दयपणा यांत अंतर आहे. सोलापूरकडची कडक भाकरी, जी महिनाभर टिकते आणि दाताखाली कुरकुरते, ती 'क्रिस्प'. पण साधीच भाकरी शिळी होऊन वातड, चावेना अशी झाली, तर ती खुशाल 'हार्ड' म्हणा. बँकेतून आणलेली कोरी कडक नोट, तीही 'क्रिस्प'. खळ घातलेली कडक टोपी 'स्टिफ'. कडक ऊन 'स्ट्राँग' किंवा 'हॉट'. पाहा, इंग्रजीच्या एका हार्डला जसे मराठीत सहा शब्द लागले, तसे मराठीच्या एका कडकला इंग्रजीत पाच-सहा लागतात. दोन्ही भाषांचे माप सारखेच आहे. कोणी गरीब नाही, कोणी श्रीमंत नाही. फक्त प्रत्येकीने आपले धान्य वेगळ्या पोत्यांत भरले आहे.

यानंतर जो भाग आहे तो नीट लक्ष देऊन ऐकावा, कारण इथे नुकसान होते.

इंग्रजीत विशेषणाला 'ली' लावले की बहुधा क्रियाविशेषण होते. 'स्लो' म्हणजे मंद, 'स्लोली' म्हणजे मंदपणे. 'क्विक' म्हणजे जलद, 'क्विकली' म्हणजे जलदीने. हा नियम मुले पाठ करतात आणि 'हार्ड'लाही लावतात. 'मी कष्टाने काम करतो' हे इंग्रजीत सांगायचे असते, आणि लिहिले जाते 'आय वर्क हार्डली'. इथे अर्थाचा पार उलटा पालट होतो. 'हार्डली' म्हणजे कष्टाने नव्हे. 'हार्डली' म्हणजे जेमतेम, नाहीच म्हटले तरी चालेल इतके थोडे. 'आय हार्डली वर्क' म्हणजे 'मी काम असे फारसे करतच नाही'.

आता समजा, एक मुलगा आहे. रात्रीची वीज आली की उठून उसाला पाणी धरणारा, सकाळी गुरांचे पाहून सायकलीने आयटीआयला जाणारा. शिक्षण पुरे झाले आणि त्याने कारखान्यात नोकरीचा अर्ज केला. आपला खरा गुण कोणता, तर कष्ट. तो सांगावा म्हणून त्याने शेवटच्या ओळीत लिहिले की मला घेतलेत तर मी 'हार्डली' काम करीन. अर्ज वाचणारा माणूस त्याला ओळखत नाही. त्याच्यापुढे पन्नास अर्ज आहेत. तो ही ओळ वाचतो, हसतो आणि अर्ज बाजूला ठेवतो. मुलाच्या अंगात कसर नव्हती, शब्दाला दोन अक्षरे जास्त लागली एवढेच. पण तेवढ्याने जन्मभर केलेले कष्ट कागदावर आळस होऊन बसले. म्हणून गुरुजींना विनंती आहे की दहावीच्या वर्गातून मूल बाहेर पडण्यापूर्वी हा एवढा भेद त्याच्या मनात पक्का करून द्यावा.

तो पक्का कसा होईल? 'ही वर्क्स हार्ड', तो कष्टाने काम करतो. 'ही हार्डली वर्क्स', तो जेमतेम काम करतो. ही दोन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहावीत. एक गोष्ट चटकन दिसते. 'हार्ड' क्रियापदाच्या नंतर येतो, 'हार्डली' बहुधा आधी येतो. कष्ट करणारा शब्द कामाच्या मागे राबतो आणि आळशी शब्द पुढे येऊन मिरवतो, असे सांगितले तर मुले विसरणार नाहीत.

पण नुसती खूण सांगून भागत नाही. असे का झाले, तेही सांगावे. 'हार्डली' याचा जुना अर्थ जोराने, कष्टानेच असा होता. मग 'मोठ्या कष्टाने' याचा अर्थ हळूहळू 'जेमतेम' असा झाला. यात नवल वाटायला नको. आपणही तसेच बोलतो. 'यंदा मुश्किलीने चार पोती झाली' असे शेतकरी म्हणतो, तेव्हा तो मुश्किलीपेक्षा पोती किती कमी झाली हेच सांगत असतो. 'कसेबसे महिना काढतो' यातही तेच. जे मराठीत मुश्किलीचे झाले, तेच इंग्रजीत हार्डलीचे झाले.

'हार्डली'च्या पोटातच नकार असतो, म्हणून त्याच्याबरोबर पुन्हा 'नॉट' लावायचे नाही. 'मला जेमतेम ऐकू येते' हे 'आय कॅन हार्डली हिअर'. 'हार्डली एव्हर' म्हणजे क्वचितच, 'हार्डली एनी' म्हणजे नसल्यासारखेच. असे दगा देणारे शब्द आणखीही आहेत. 'लेट' म्हणजे उशिरा, पण 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'निअर' म्हणजे जवळ, पण 'निअरली' म्हणजे जवळजवळ. आणि 'फास्ट'ला तर 'ली' लागतच नाही. 'रन फास्ट' असेच म्हणायचे.

याच घरातली बाकीची मंडळीही ओळखून ठेवा. 'हार्डनेस' म्हणजे टणकपणा, तो दगडाचा किंवा पाण्याचा. 'हार्डशिप' म्हणजे हालअपेष्टा, त्या माणसाच्या. 'हार्डन' म्हणजे टणक होणे किंवा करणे. 'हार्डी' म्हणजे काटक, थंडीवाऱ्याला आणि पाण्याच्या ताणाला टिकून राहणारे पीक किंवा जनावर. 'हार्ड वर्क' हे दोन शब्द, ते जोडून लिहू नयेत, आणि कष्ट कितीही केले तरी 'हार्ड वर्क्स' असे अनेकवचन करू नये. आणि तुलनेला 'हार्डर', 'हार्डेस्ट'. 'मोअर हार्ड' नाही.

आता एक खास आपली मराठी अडचण. आपण म्हणतो, 'मला गणित कठीण जाते'. वाक्य 'मला'ने सुरू होते, म्हणून मूल इंग्रजी वाक्य 'आय'ने सुरू करते आणि लिहून बसते 'आय अ‍ॅम हार्ड इन मॅथ्स'. याचा अर्थ इंग्रजाला धड लागत नाही, लागलाच तर 'गणितात मी टणक आहे' असा काहीतरी लागतो. कठीण कोण आहे, हे आधी विचारावे. मी का गणित? कठीण आहे ते गणित, तेव्हा वाक्यात पुढे तेच बसवावे. 'मॅथ्स इज हार्ड फॉर मी'. मराठीतल्या 'मला'ला इथे 'फॉर मी' असा शब्द आहे, 'टू मी' नव्हे. गणिताशी तुमचे भांडण असेल ते असो, व्याकरणाशी नको.

दोन ठिकाणी हा शब्द सरकारी कागदावर येतो, तीही सांगून टाकतो.

पहिले ठिकाण अपंगत्वाच्या दाखल्याचे. त्यात 'हार्ड ऑफ हिअरिंग' असे शब्द असतात. याचा अर्थ कान टणक असा नाही. ऐकायला कष्ट पडतात, कमी ऐकू येते, असा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात याची मर्यादाही आखून दिली आहे. दोन्ही कानांनी बोलण्याचा आवाज ऐकण्यात ६० ते ७० डेसिबलची घट असेल तर ती व्यक्ती 'हार्ड ऑफ हिअरिंग', आणि घट ७० डेसिबलची असेल तर ती 'डेफ', म्हणजे बधिर. दोन्ही शब्द वेगळे आहेत आणि दोन्हींचा दाखला मिळतो. गावात कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याला किंवा मुलाला सरसकट 'बहिरा' म्हणून हाक मारतात. त्यात त्याचा अपमान तर होतोच, शिवाय जे थोडे ऐकू येते तेही नाहीच असे धरून लोक त्याच्याशी बोलणेच सोडतात. वर्गातले एखादे मूल वारंवार 'काय?' म्हणून विचारीत असेल, तर ते मठ्ठ आहे असे ठरवण्यापूर्वी त्याचे कान तपासून घ्यावेत. कदाचित त्याला धडा कठीण नसेल, ऐकणे कठीण असेल.

दुसरे ठिकाण न्यायालयाचे. कैदेचे दोन प्रकार कायद्यात सांगितले आहेत, साधी कैद आणि सक्तमजुरीची कैद. सक्तमजुरी म्हणजे 'हार्ड लेबर'सह कैद, अशी फोड १८६० च्या भारतीय दंडसंहितेत होती, आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता आली तिच्यातही ती तशीच आहे. इंग्लंडात मात्र हार्ड लेबरची शिक्षा १९४८ साली कायद्यानेच बंद केली. गंमत अशी की शेतकऱ्याचे 'हार्ड वर्क' आणि कैद्याचे 'हार्ड लेबर' यांत विशेषण एकच आहे. पण एकाच्या मागे मान आहे आणि दुसऱ्याच्या मागे शिक्षा. इथेही सोबतीचा शब्दच अर्थ ठरवतो.

मंडळी, २००० सालापासून आपल्या महाराष्ट्रात मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. सहा वर्षांचे पोर 'हार्ड' आणि 'सॉफ्ट' हे शब्द कवितेसारखे म्हणते. म्हणजे शब्द लवकर येतो. त्याच्या मागून अर्थ यायचा असतो, तो कधी कधी वाटेतच राहतो. तो घरापर्यंत आणण्यासाठी मोठ्या कोशाची किंवा महागड्या शिकवणीची गरज नाही. गुरुजींनी दगड, खडू, सुपारी आणि भाकरीचा तुकडा वर्गात न्यावा, मुलांना हात लावून 'हार्ड' कोणते आणि 'सॉफ्ट' कोणते ते म्हणायला लावावे. वरच्या वर्गात दोन विहिरींचे पाणी दोन बाटल्यांत आणावे, दोन्हींत साबणाचा सारखाच चुरा घालून हलवावे. फेस कुठे येतो ते पाहताना इंग्रजी आणि शास्त्र असे दोन्ही धडे एकाच तासात होतील. त्याहून वरच्या वर्गात 'ही वर्क्स हार्ड' आणि 'ही हार्डली वर्क्स' या दोन माणसांची दोन छोटी वर्णने मुलांकडून लिहून घ्यावीत. मुले गावातल्या खऱ्या माणसांचीच वर्णने करतील, तेव्हा नावे मात्र घालू देऊ नयेत!

आणि जे शाळेत जात नाहीत अशा वडीलधाऱ्यांनी एवढे करावे. संध्याकाळी मूल पुस्तक घेऊन बसले की 'याचा अर्थ काय?' असे न विचारता 'हा शब्द कोणाबरोबर आला आहे?' असे विचारावे. आपल्याला इंग्रजी येत नसले तरी हा प्रश्न विचारता येतो. उत्तर देताना मूल स्वतःच वाक्य पुन्हा एकदा वाचील, आणि पुष्कळदा अर्थ त्याला तिथेच सापडेल.

आजचा अभ्यास एवढाच. उद्या विहिरीवर, दुकानात, शाळेत, कचेरीत कुठेही 'हार्ड' भेटला की त्याच्या शेजारी कोण उभे आहे, ते आधी पाहा.